मध्ययुगीन इंग्रजीत कविता करण्याचे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मध्ययुगीन’ म्हणजे नेमकं कधीचं?

साधारण इ. स. ७०० ते १५००. यात दोन निराळ्या भाषा मोडतात. १०६६ च्या नॉर्मन विजयाच्या आगेमागे संपत जाते ती जुनी इंग्रजी. तिच्या कवितेचा कणा अनुप्रास, अंत्ययमक क्वचितच. त्यानंतरची ती मध्य इंग्रजी. तिच्यात फ्रेंच आणि लॅटिनमधून यमक आलं, अक्षरं मोजण्याची सवय आली आणि या कामाला लागणारे बरेचसे शब्दही आले. जुने शब्द मात्र गेले नाहीत, नव्यांच्या शेजारी राहिले. गोंधळ होतो तो तिथेच.

इथे शब्द कोणत्या उच्चाराने लिहिले आहेत?

मध्य इंग्रजीतले शब्द शक्यतो चौदाव्या शतकातल्या उच्चाराने. मराठी वाचकाला इथे आयता फायदा आहे. त्या काळी दीर्घ स्वर अक्षरांबरहुकूम म्हटले जात: ‘ए’ या अक्षराला ‘आ’, ‘आय’ला ‘ई’, ‘ई’ला ‘ए’. म्हणून आजचं ‘मेक’ हे तेव्हाचं ‘माके’, आजचं ‘राइम’ हे तेव्हाचं ‘रीम’ किंवा ‘रीमे’. शब्दाच्या शेवटी येणारा ‘ए’ हलका, ‘अ’कडे झुकणारा समजावा.

‘राइम’ म्हणजे यमक. यात विचारण्यासारखं काय आहे?

सर्वांत जास्त चुका याच शब्दापाशी होतात.

जुन्या इंग्रजीत ‘रीम’ म्हणजे संख्या, मोजदाद. ‘रीमक्रॅफ्ट’ म्हणजे गणित, विशेषतः ईस्टरची तारीख काढायला लागणारं कालगणनेचं शास्त्र. रॅम्झीच्या मठातल्या बर्टफर्थने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर ग्रंथ लिहिला. हा शब्द पाहून ‘यमककला’ असं भाषांतर केलं, तर पहिल्याच पानावर वाट चुकते.

आज आपण ओळखतो तो शब्द फ्रेंचमधून १२०० च्या सुमारास आला. फ्रेंच शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘रिथमुस’ आहे, की संख्या किंवा रांग दाखवणारा जर्मानिक ‘रीम’, यावर अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. इंग्रजीत आल्यावरही त्याचा अर्थ लगेच ‘यमक’ असा झाला नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला धर्मोपदेशक ओर्म याचं उदाहरण इथे निर्णायक आहे. त्याच्या ‘ओर्म्युलम’च्या सुमारे १९,००० ओळी उरल्या आहेत. प्रत्येक जोडओळ १५ अक्षरांची, आठव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. यमक नाही आणि नियमाचा अनुप्रासही नाही. तरीही तो म्हणतो की ‘रीमे भरण्यासाठी’ आपण बायबलच्या शब्दांत पदरचे पुष्कळ शब्द घातले. जिथे यमकच नाही तिथे भरायचं काय? अक्षरसंख्या. म्हणजे ओर्मचा ‘रीमे’ हा छंद आहे.

चौदाव्या शतकात हा शब्द निदान तीन अंगांनी वापरला जातो. कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ या कथासंग्रहातला वकील तक्रार करतो की चॉसरला ‘मेत्रेस’ आणि ‘रीमिंग’ नीट जमत नाही, तरी सगळ्या गोष्टी त्याने आधीच सांगून टाकल्या. छंद आणि यमक इथे वेगळे मोजलेत, म्हणजे ‘रीमिंग’ हे यमक जुळवणंच. ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घकवितेतलं आळस नावाचं पात्र म्हणतं की मला ‘पातेरनोस्तेर’ ही रोजची ख्रिस्ती प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडच्या ‘रीमेस’ येतात. तिथे अर्थ पद्यातली गोष्ट, ज्याला आपण पोवाडा किंवा कथागीत म्हणू. (रॉबिन हूडचा इंग्रजी साहित्यातला सर्वांत जुना ज्ञात उल्लेखही हाच, १३७७ च्या आसपासचा.) तिसरा अर्थ, गद्य नव्हे ते. ‘रीममध्ये सांगितलं’ म्हणजे पद्यात सांगितलं.

अर्थ ठरवायचा तर शेजारचं क्रियापद बघा. ‘भरणे’ असेल तर छंद. ‘येणे’ किंवा ‘पाठ असणे’ असेल तर कविता. ‘-मध्ये’ असं शब्दयोगी अव्यय असेल तर बहुधा पद्य. आणि ‘मेत्रे’ शेजारी उभा असेल, तर यमक.

मग ‘राइम’च्या स्पेलिंगमधला ‘एच’ कुठून आला?

मध्ययुगातून नक्कीच नाही. तेव्हा आर-आय-एम-ई किंवा आर-वाय-एम-ई एवढंच लिहीत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या विद्वानांना हा शब्द ग्रीक ‘रिदम’शी जोडायचा होता, म्हणून त्यांनी मध्ये ‘एच’ घुसवला. जुनं रूपही टिकून राहिलं. कोलरिजने १७९८ मध्ये आपल्या खलाशाच्या दीर्घकवितेच्या नावात तेच मुद्दाम वापरलं, जुनेपणाचा रंग यावा म्हणून.

कविता रचण्यासाठी कोणतं क्रियापद वापरत?

एक नाही, निदान चार. आणि कोण कोणतं निवडतो यातून तो स्वतःला कुठे उभं करतो ते कळतं. म्हणून सगळ्यांना ‘लिहिणे’ असं सरसकट भाषांतर दिलं, की मजकुरातला अर्धा जीव जातो.

पहिलं ‘माकेन’, म्हणजे करणे. करणारा ‘माकेरे’, केलेलं ‘माकिंग’. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपणही कविता ‘करतो’. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘टीका केली ज्ञानेश्वरें’ असंच आहे. इंग्रजीत हा प्रयोग पुढे मावळला, म्हणून आजच्या इंग्रजी वाचकाला तो विचित्र वाटतो आणि आपल्याला घरचा वाटतो.

दुसरं ‘एन्डीटेन’, फ्रेंचमधून आलेलं, मुळाशी लॅटिनमधलं ‘सांगून लिहवणे’. यात शब्दयोजनेवर भर आहे: मजकूर मनात बांधून भाषेत उतरवणं. ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेतला तरुण स्क्वायर, म्हणजे सरदाराच्या हाताखालचा उमेदवार, गाणी ‘माके’ करू शकतो आणि चांगलं ‘एन्डीटे’ करू शकतो. लगेच पुढच्या ओळीत, चित्र काढण्याच्या जोडीला, ‘रीटे’ म्हणजे हाताने लिहिणं हे वेगळं कौशल्य म्हणून येतं. तीन क्रियापदं, तीन कामं. हा शब्द निव्वळ काव्याचा नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्याच प्रस्तावनेतला वकील ‘एन्डीटे’ आणि ‘माके’ करतो ते दस्तऐवज, आणि इतके पक्के की कुणाला त्यात खोट काढता येत नाही. कोर्टात आरोप ठेवण्याचा आजचा इंग्रजी शब्द ‘इन्डाइट’ हा याच कुळातला.

तिसरं ‘फिंडेन’, शोधणे. जुन्या इंग्रजीतही कवी शब्द ‘शोधतो’. फ्रेंच ‘त्रुव्हेर’ आणि दक्षिणेकडचा ‘त्रुबादूर’ हे कवीसाठीचे शब्दही शोधण्याच्या क्रियापदाशी जोडले जातात. चौदाव्या शतकातल्या ‘विनर अँड वेस्टर’ या कवितेत जुने चांगले ‘माकेर’ कोण, तर ज्यांना विषय ‘शोधता’ येई ते. म्हणजे शोधणं हे आशयाचं काम, करणं हे कारागिरीचं.

चौथं ‘रीमेन’, आणि त्याचं लॅटिन वळणाचं भावंड ‘व्हेर्सिफीएन’. चॉसरचा मंक, म्हणजे मठवासी साधू, सांगतो की शोकांतिका सहसा सहा चरणगणांच्या ओळीत ‘व्हेर्सिफीड’ असतात, त्या ओळीला ‘एक्झामेत्रोन’ म्हणतात. गद्यातही पुष्कळ ‘एन्डीटेड’ आहेत. म्हणजे ‘एन्डीटे’ गद्याला चालतं, ‘व्हेर्सिफी’ चालत नाही.

चॉसर स्वतःला ‘पोएट’ का म्हणवत नाही?

कारण त्याच्या लेखी तो दुसऱ्यांचा मान आहे. ‘पोएटे’ तो डान्टेला म्हणतो, पेट्रार्कला म्हणतो, प्राचीन रोमन-ग्रीक कवींना म्हणतो. स्वतःच्या कामाला ‘माकिंग’. ‘ट्रॉइलस’ या दीर्घकाव्याच्या शेवटी तो आपल्या पुस्तकाला बजावतो की कुठल्या ‘माकिंग’चा हेवा करू नकोस, पण सगळ्या ‘पोएसीये’ची ताबेदार राहा, आणि व्हर्जिल, ओव्हिड, होमर, ल्यूकन, स्टेशियस ज्या पायऱ्यांवरून गेले त्यांचं चुंबन घे. एकाच कडव्यात दोन शब्दांमध्ये अशी भिंत उभी आहे. भाषांतरात दोन्हींना ‘काव्य’ म्हटलं तर भिंत पडते आणि ओळीला अर्थ राहत नाही.

‘पोएत्रीये’ या शब्दात तेव्हा आणखी एक छटा होती: प्राचीनांच्या कल्पित कथा, देवतांच्या गोष्टी. तेव्हा ‘हे पोएत्रीये आहे’ याचा अर्थ पुष्कळदा ‘ही पुराणकथा आहे’ असा होतो.

समकालीनांशी बोलताना चॉसर याहून घरगुती भाषा वापरतो. ‘लेजंड ऑफ गुड विमेन’मध्ये तो म्हणतो की माझ्या आधीच्यांनी ‘माकिंग’ची कापणी करून धान्य घरी नेलं, मी मागून इथे-तिथे सरवा वेचतोय. ‘सरवा’ हा शब्द आपल्याकडे जिवंत आहे, भाषांतरात तोच वापरावा.

फ्रेंच येण्यापूर्वी कवीला काय म्हणत?

दरबारात गाणारा कवी ‘शोप’. स्पेलिंग एस-सी-ओ-पी, पण उच्चार ‘श’ने. आजच्या दुकानाच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही. करमणूक करणारा तो ‘ग्लेओमन’. गीताला ‘लेओथ’, गीत घडवणाऱ्याला ‘लेओथवुर्हता’. यातला ‘वुर्हता’ म्हणजे कारागीर. आजच्या ‘प्लेराइट’ आणि ‘शिपराइट’मधला ‘राइट’ तोच. नाटककार आणि जहाज बांधणारा सुतार एका शब्दाचे भाऊ आहेत, हे किती समर्पक आहे!

रचनेचं वर्णन ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्यात, ८६७ ते ८७४ या ओळींत आहे. राजाचा एक सरदार घोड्यावरून परतताना नव्या पराक्रमावर गीत रचतो. तो नवे शब्द ‘शोधतो’, ते नीट ‘बांधलेले’ असतात, आणि पुढे तो ‘शब्दांची अदलाबदल’ करतो. शोधणं, बांधणं, पालटणं. यातलं बांधणं म्हणजे अनुप्रासाने दोन अर्धओळी एकत्र आवळणं. पालटणं म्हणजे बहुधा तीच गोष्ट निरनिराळ्या शब्दांनी पुन्हा सांगणं, जी या कवितेची खासियत आहे.

अनुप्रासाला मध्ययुगीन इंग्रजीत काय म्हणत?

‘ॲलिटरेशन’ हा शब्द तेव्हा नव्हता. तो पंधराव्या शतकातल्या लॅटिनमध्ये तयार झाला आणि इंग्रजीत त्याहूनही उशिरा आला. मध्य इंग्रजीत ‘लेत्रे’, म्हणजे अक्षर, या शब्दावर काम भागे. चॉसरचा पाद्री म्हणतो, मी दक्षिणेचा माणूस, मला ‘रुम, राम, रुफ’ असं अक्षराने ‘जेस्ते’, म्हणजे कथा, सांगता येत नाही, आणि देवाशपथ, रीमही त्याहून फार बरं समजत नाही. यावरून दिसतं की दक्षिणेकडच्या माणसाला अनुप्रासाची कविता परमुलखाची वाटे. ती फुलत होती प्रामुख्याने पश्चिम आणि उत्तरेला.

त्या बाजूचं आत्मवर्णन ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या अनुप्रासी वीरकथेच्या ३५ व्या ओळीत आहे: कथा ‘खऱ्या अक्षरांनी जखडलेली’ आहे, देशात पूर्वापार आहे तशी. ‘लोकेन’ म्हणजे कुलूप लावल्यासारखं घट्ट बसवलेलं. बेओवुल्फच्या ‘बांधलेल्या’ शब्दांचाच हा चार शतकांनंतरचा पडसाद.

अनुप्रासाची ओळ बरोबर आहे की नाही हे कसं तपासायचं?

‘पिअर्स प्लाउमन’ची दुसरी ओळ घ्या: ‘ई शोप मे इन्टो श्रूडेस, अस ई अ शेप वेरे’. अर्थ असा की मेंढी असावी तसे जाडेभरडे कपडे मी अंगावर घातले. आधी यती शोधा, ती ‘श्रूडेस’नंतर आहे. मग दोन्ही बाजूंना दोन-दोन ठळक आघात मारा: ‘शोप’, ‘श्रूडेस’ आणि पलीकडे ‘शेप’, ‘वेरे’. आता आघात पडलेल्या अक्षरांचे आरंभीचे ध्वनी पाहा. पहिले तीन ‘श’, चौथा वेगळा. हाच नेहमीचा साचा. पहिल्या अर्ध्यात दोनाऐवजी तीन आघात आले तरी चालतात. चौथाही जुळला तरी गुन्हा नाही. पण तिसरा जुळला नाही, तर ओळ सुटली असं समजा.

चूक होते ती बहुधा डोळ्यांनी तपासल्यामुळे. आघात नसलेल्या ‘इन्टो’, ‘अस’ यांची अक्षरं मोजू नका. स्वराने सुरू होणारे शब्द आपसांत जुळतात, मग स्वर कोणताही असो. आणि उपसर्ग लागलेल्या शब्दात आघात मुळावर असेल, तर मुळाचा ध्वनी धरायचा.

ओळ, कडवं, द्विपदी यांना कोणते शब्द होते?

‘स्टँझा’ आणि ‘कप्लेट’ हे दोन्ही सोळाव्या शतकातले. चौदाव्या शतकात ‘व्हेर्स’ म्हणजे अनेकदा फक्त एक ओळ. ‘हाउस ऑफ फेम’मध्ये चॉसर क्षमा मागतो की एखाद्या ‘व्हेर्स’मध्ये एक अक्षर कमी पडलं तरी चालवून घ्या, मला ‘क्राफ्ट’ दाखवायचं नाही, ‘सेंटेन्स’ म्हणजे आशय द्यायचाय. एक अक्षर कमी पडतं ते ओळीत, कडव्यात नव्हे.

लिंकनशरमधल्या बोर्न गावच्या रॉबर्ट मॅनिंगने १३३८ मध्ये आपला इतिहासग्रंथ पुरा केला. त्याच्या प्रस्तावनेत तर परिभाषेचा सबंध पेटारा आहे: ‘बास्टोन’ म्हणजे कडवं, ‘कूवे’ म्हणजे शेपूट असलेली रचना, ‘एन्टरलासे’ म्हणजे गुंफलेली यमकं. आपण यातलं काही वापरलं नाही, कारण ऐकणारी साधी माणसं असल्या कसरतीत हरवतात, असं तो सांगतो. (ओर्मही बहुधा याच बोर्नचा. एका लहान गावाने इंग्रजी छंदशास्त्राला दोन साक्षीदार दिले.)

‘कूवे’ नीट समजून घ्यावं, कारण तेव्हाच्या लोकप्रिय वीरकथांचा तो एक आवडता साचा होता. चार आघातांच्या दोन ओळी एकमेकींशी यमक जुळवतात, मागून तीन आघातांची आखूड ओळ येते, ती शेपूट. अशा दोन गटांत शेपटांचं यमक जुळलं की सहा ओळींचं कडवं पुरं: क क ख ग ग ख. वीरकथांत बहुधा असे चार गट जोडून बारा ओळींचं कडवं करत, चारही शेपटांना एकच यमक. तोच ध्वनी चारदा मिळवायचा म्हणजे कवी ठरावीक शब्दांवर येऊन पडतो. ही त्या साच्याचीच खोड आहे.

लांब कवितेच्या एका बैठकीच्या तुकड्याला ‘फिट’ म्हणत. हा शब्द जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला.

‘गवेन’ची कडवी आणखी वेगळी: १२ ते ३७ लांब अनुप्रासी ओळी, मग सहसा दोनच अक्षरांची ओळ, मग चार आखूड यमकबद्ध ओळी. अशी १०१ कडवी, २५३० ओळी. त्या शेवटच्या पाच ओळींना पुस्तकांत ‘बॉब अँड व्हील’ म्हणतात, पण ही नावं नंतरच्या अभ्यासकांची आहेत. मध्ययुगीन शब्द म्हणून ती वापरू नयेत.

‘डॉगरेल’ म्हणजे वाईट कविता. शब्द कुठला?

पहिली नोंद चॉसरचीच. ‘कँटरबरी टेल्स’मध्ये तो स्वतःला पात्र करून ‘सर टोपस’ ही शेपूटवाल्या कडव्यांची गोष्ट सांगायला लावतो. खाणावळीचा मालक मध्येच थांबवतो: ‘हेच ते रीम डॉगरेल’, वेळ वाया घालवू नकोस. शब्द बहुधा कुत्र्यावरून आलेला. मालकाला नेमकं काय टोचलं, हे कडवी तपासल्यावर दिसतं. आखूड ओळींचा ठेका एकसुरी आहे, भरतीचे शब्द फार आहेत, आणि यमकातही सैलपणा आहे. ‘शिव्हाल्री’ आणि ‘द्रूरी’ यांची जोडी इथे शेवटचा ‘ए’ गिळल्यावरच जमते. आपल्या इतर कवितांत ‘-ई’ आणि ‘-ईए’ ही टोकं चॉसर कसोशीने वेगळी ठेवतो. म्हणजे वाईट यमक कसं असतं हे त्याने पुरेपूर जाणून करून दाखवलंय.

यमक जुळवताना इंग्रजीत इतकी अडचण का येई?

चॉसरनेच कारण दिलंय. ‘कम्प्लेंट ऑफ व्हीनस’च्या अखेरीस तो म्हणतो की इंग्रजीत रीमची ‘स्कार्सेटे’, म्हणजे टंचाई आहे. म्हणून फ्रेंचमध्ये रचणाऱ्या ग्राँसोंच्या कसबामागे शब्दन् शब्द जाणं ही मोठी शिक्षा आहे.

टंचाई किती, ते मोजून पाहू. ही कविता म्हणजे तीन ‘बालाडे’. एका बालाडेत आठ-आठ ओळींची तीन कडवी, साचा क ख क ख ख ग ग ख, आणि तीनही कडव्यांत यमकं तीच. म्हणजे २४ ओळींत ‘क’ सहा वेळा, ‘ग’ सहा वेळा आणि ‘ख’ बारा वेळा. शेवटची ओळ पालुपद म्हणून तीनदा तशीच येते, ती एकदाच धरली तरी ‘ख’साठी दहा निरनिराळे शब्द हवेत. फ्रेंचमध्ये ‘-आन्स’, ‘-एर’, ‘-ए’ असे प्रत्यय लागलेले शब्द टोपलीभर मिळतात. इंग्रजीचे प्रत्यय तोवर झिजत चालले होते आणि आघात शब्दाच्या आरंभी असे, त्यामुळे शेवट जुळत नाहीत. चॉसरने यावर एक उपाय काढला: फ्रेंचमधूनच उसने शब्द आणून ते ओळीच्या शेवटी ठेवायचे आणि आघातही फ्रेंचसारखा शेवटी द्यायचा. तेच शब्द ओळीच्या मध्ये आले, की आघात पुष्कळदा इंग्रजी पद्धतीने पुढे सरकतो.

‘रौंडेल’ आणि ‘व्हिरेलाय’ हे फ्रेंच प्रकारही अशाच परतणाऱ्या ओळींचे. पालुपदाला ‘रेफ्रेन’ म्हणत. चॉसरच्या ‘ट्रॉइलस’मध्ये आजारी ट्रॉइलससाठी त्याचा भाऊ डीफिबस पुन्हा पुन्हा ‘हाय हाय’ करतो, ते त्याचं ‘रेफ्रेन’.

चॉसरने एकच शब्द दोनदा यमकात घातलाय. ही चूक नाही का?

नाही, हे भूषण आहे, पण अर्थ वेगळा असेल तरच. ‘कँटरबरी टेल्स’च्या १७ व्या आणि १८ व्या ओळींच्या शेवटी ‘सेके’ आणि ‘सेके’ येतं: एक ‘शोधायला’, दुसरं ‘आजारी’. फ्रेंच परंपरेत याला श्रीमंत यमक म्हणतात. संस्कृत अलंकारशास्त्रातलं मूळ ‘यमक’ हेच आहे: तेच ध्वनी, अर्थ निराळा. मराठीने पुढे तो शब्द साध्या अंत्ययमकालाही लावला.

आज वाचताना काही यमकं जुळतच नाहीत. कवी कच्चा होता का?

कवी पक्का होता, उच्चार बदलले. सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर आपल्या जागेवरून सरकले, शेवटचा ‘ए’ तर बोलण्यातून गेलाच. त्याआधीचं यमक तपासायचं तर आधी दोन्ही शब्द जुन्या उच्चाराने मोठ्याने म्हणा. ‘ब्लड’ आणि ‘गुड’ आज जुळत नाहीत, ‘ब्लोड’ आणि ‘गोड’ जुळतात. मग शेवटच्या ‘ए’कडे बघा. चॉसर ‘रोमे’ या शहराच्या नावाशी ‘टो मे’ म्हणजे ‘माझ्याकडे’ हे दोन शब्द जुळवतो. शेवटचा ‘ए’ म्हटला जात होता, याचा याहून चांगला पुरावा मिळणं कठीण.

उलटा धोकाही आहे. आज सारखे वाटणारे ‘मीट’ (मांस) आणि ‘मीट’ (भेटणे) तेव्हा वेगळे होते, एकात ‘ए’ उघडा, दुसऱ्यात बंद. चॉसर अशी जोडी सहसा टाळतो.

एवढं करूनही जुळलं नाही, तर नकलनवीसावर संशय घ्या. उत्तरेकडे दगडाला ‘स्टान’, दक्षिणेकडे ‘स्टोन’. उत्तरेची कविता दक्षिणेच्या माणसाने उतरवली की तो आपल्या सवयीने ‘स्टोन’ लिहितो आणि यमक मोडतं. मूळ कविता कोणत्या बोलीतली हे ठरवताना अभ्यासक म्हणूनच ओळीच्या मध्यापेक्षा टोकावर विश्वास ठेवतात.

नकलनवीसांच्या चुकांसाठी वेगळे शब्द होते?

होते, आणि नेमके. ‘ट्रॉइलस’च्या शेवटी चॉसर प्रार्थना करतो की इंग्रजीच्या लिहिण्या-बोलण्यात इतकी विविधता आहे, तरी कुणी तुला ‘मिसरीटे’ करू नये, म्हणजे चुकीचं उतरवू नये, आणि बोलीच्या अज्ञानाने ‘मिसमेत्रे’ करू नये, म्हणजे छंद बिघडवू नये. एक चूक हाताची, दुसरी कानाची. शेवटचा एक ‘ए’ लिहायचा राहिला की अक्षर कमी होतं आणि ओळ लंगडते. आपल्या लेखनिकाला उद्देशून त्याने सात ओळींची एक कविताही केली आहे: माझ्या ‘माकिंग’प्रमाणे खरं लिहिलं नाहीस तर डोक्यात खवडे होवोत.

करणारा आणि लिहिणारा वेगळा, ही विभागणी आपल्यालाही परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या त्याच ओवीत टीका ज्ञानेश्वरांनी ‘केली’ आणि सच्चिदानंदबाबा ‘लेखकु’ झाले.

कविता म्हणणाऱ्यांची नावं कोणती?

मॅनिंग तीन देतो: ‘डिसूर’, ‘सेगर’ आणि ‘हार्पूर’, म्हणजे कथेकरी, पद्य बोलून दाखवणारे आणि वीणेसारखं हार्प वाजवणारे. त्यांच्यासाठी मी रचलं नाही, असं तो म्हणतो. ‘जेस्टूर’ पराक्रमाच्या कथा सांगे. ‘रीमूर’ या शब्दाला कधी वाईट वासही असे: १४०२ च्या कायद्यात वेल्समधल्या ‘रीमूर’ आणि मिन्स्ट्रेल (गाणारे-वाजवणारे) यांना भटक्यांच्या पंक्तीत बसवलं आहे.

‘कादेन्स’ म्हणजे काय?

‘हाउस ऑफ फेम’मध्ये चॉसर ‘रीममध्ये नाहीतर कादेन्समध्ये’ पुस्तकं आणि गाणी रचतो. ते लयबद्ध गद्य, की यमकाविना पद्य, हे त्या एका ओळीवरून ठरत नाही. भाषांतरात ‘लयीत’ म्हणून सोडून द्यावं.

सॉनेटचं काय?

मध्ययुगीन इंग्रजीत सॉनेट, म्हणजे चौदा ओळींचं सुनीत, नाही. चॉसरने पेट्रार्कचं एक सॉनेट ‘ट्रॉइलस’मध्ये आणलं, पण सात ओळींच्या तीन कडव्यांत, १४ च्या २१ ओळी करून. इंग्रजी सॉनेट सोळाव्या शतकातलं.

भरतीच्या शब्दांना वाईट मानत का?

ओर्मने उघड कबूल केलं, आणि कारणही दिलं: छंद भरायचा तर शब्द लागतात. संस्कृतात याला पादपूरण म्हणतात. मध्य इंग्रजीत नेहमीचे म्हणजे ‘ईविस’ (खचित), ‘विदूटेन लेसिंग’ (खोटं न बोलता), ‘फोर द नोनेस’ (त्या वेळेपुरतं). वीरकथांत हे यमकाच्या जागी येतात, तिथे अर्थ शोधत बसू नये. चॉसरच्या चांगल्या कवितांत आले तर मात्र थांबून बघावं, कारण तिथे ते कधी कधी बोलणाऱ्या पात्राचा स्वभाव दाखवतात.

हे शब्द स्वतः कसे शोधायचे?

मिशिगन विद्यापीठाचा मध्य इंग्रजी कोश २००१ मध्ये पूर्ण झाला आणि तो ऑनलाइन मोफत आहे. शोधताना आजचं स्पेलिंग टाकू नका. ‘आय’च्या जागी ‘वाय’, ‘यू’च्या जागी ‘व्ही’ अशी अदलाबदल करून पाहा. क्रियापदं ‘-एन’ने संपणाऱ्या रूपात आहेत, म्हणून ‘माके’ नव्हे, ‘माकेन’ शोधा. ‘रीम’ची नामं एकापेक्षा जास्त आहेत, त्यात सकाळी गवतावर पडणारं हिमही आहे, मथळ्यावर न थांबता व्युत्पत्ती वाचा. आणि उदाहरणांच्या तारखा बघा, प्रतीची तारीख आणि रचनेची तारीख वेगळी असते.

मराठीत भाषांतर करताना कोणते शब्द घ्यावेत?

‘माकेन’ला करणे किंवा रचणे, ‘माकेरे’ला कर्ता, ‘एन्डीटेन’ला शब्दबद्ध करणे, ‘व्हेर्स’ला बहुतेक वेळा ओळ, ‘लेत्रे’ला अक्षर. ‘कवी’ हा शब्द ‘पोएटे’साठी राखून ठेवावा. ‘क्राफ्ट’ला कला म्हणू नये, कसब म्हणावं.

‘कर्ता’ घेण्याचा लाभ ‘ट्रॉइलस’च्या निरोपात दिसतो. तिथे चॉसरने ‘माकेरे’ आणि ‘माके’ हे दोन शब्द मुद्दाम जवळजवळ ठेवलेत. ‘लेखक’ आणि ‘लिहिणे’ घेतलं तर ती जवळीक राहते, पण काम बदलतं. मराठीत ते असं म्हणता येतं: जा, माझ्या छोट्या पुस्तका, जा, माझ्या छोट्या शोकांतिके, तुझा कर्ता मरण्याआधी एखादी सुखान्तिका करण्याचं बळ देव त्याला देवो.